अँटिबायोटिक थांबवायचे केव्हा?

रक्तातले प्रोकॅल्सिटोनिन हे प्रथिन वाढले की अँटिबायोटिक सुरू करायचे, असा या तपासणीचा सरधोपट अर्थ लावला जातो. अतिदक्षता विभागात काम करताना माझे मत असे झाले आहे की तिचा खरा उपयोग औषध वेळेवर थांबवण्यासाठी आहे.

एरवी हे प्रथिन थायरॉइड ग्रंथीत तयार होऊन त्याचे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनते, त्यामुळे रक्तात ते जवळपास सापडतच नाही. गंभीर जीवाणुसंसर्गात मात्र यकृतासह अनेक अवयव ते तयार करू लागतात आणि चार-सहा तासांत त्याची पातळी चढू लागते. १९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी हा संबंध दाखवून दिला. विषाणुसंसर्गात शरीरात निर्माण होणारे इंटरफेरॉन-गॅमा या वाढीला आवर घालते. सीआरपी हे नेहमी तपासले जाणारे दुसरे प्रथिन मात्र कोणत्याही दाहात वाढते.

तरीही केवळ या आकड्यावरून निदान करणे धोक्याचे आहे. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे किंवा मूत्रपिंडाचा आजार असताना तो संसर्गाविनाही वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात तर मलेरियाच्या रुग्णातही तो बराच वर गेलेला दिसतो. उलट एखाद्या बंदिस्त गळवात जीवाणू असूनही तो कमी राहू शकतो. म्हणूनच सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागल्याचा, दाट संशय असेल आणि रक्तदाब घसरत असेल, तर ब्लड कल्चरसाठी (रक्तातले जीवाणू शोधण्यासाठी) नमुना घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस लगेच द्यावा, रिपोर्टची वाट पाहू नये.

थांबवण्याची गोष्ट वेगळी आहे. रक्तातले प्रोकॅल्सिटोनिन साधारण एका दिवसात निम्मे होते, त्यामुळे संसर्ग आटोक्यात आल्याचे ते लवकर दाखवते. पहिल्या दिवशी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असलेली पातळी ४ वर आली, म्हणजे ८० टक्क्यांनी उतरली, किंवा ०.५ वा त्याखाली गेली, तर औषध थांबवण्याचा विचार करावा, हा निकष नेदरलँड्समधील अतिदक्षता विभागांत तपासला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उपचारांचा मध्यक कालावधी सात दिवसांवरून पाचवर आला आणि २८ दिवसांतील मृत्यूही वाढले नाहीत, उलट २५ टक्क्यांऐवजी २० टक्के झाले. हृदयाच्या झडपेचा संसर्ग किंवा प्रतिकारशक्ती खूप खालावलेले रुग्ण यांना मात्र हा निकष लावू नये.

एकच रिपोर्ट काढून फाइलला लावून ठेवण्याची पद्धत मला म्हणूनच खटकते. पातळी उतरते आहे का, हे कळायला दुसरा नमुना लागतोच, आणि तो पाठवताना रुग्णाची तब्येत सुधारत असेल तर औषध बंद करायची डॉक्टरांची तयारीही हवी.