झेडएफएसला किती रॅम द्यायची? माझा अनुभव

घरच्या सर्व्हरवर लिनक्स, त्यावर झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टम), ३२ जीबी रॅम आणि तीन व्हर्च्युअल मशिन्स मिळून १८ जीबी, असा माझा सेटअप आहे. गेल्या महिन्यात रात्री बॅकअप सुरू झाला की सगळ्यात मोठं मशीन बंद पडायला लागलं, सकाळी लॉग बघितला तर कर्नलनेच मेमरी संपली म्हणून ते मारलेलं. मेमरीचा वापर दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये तर काय खातंय तेच कळेना, कारण झेडएफएस डिस्कवरून वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवतो ती कॅश, म्हणजे आर्क, तिथे बफ/कॅशमध्ये दिसत नाही, सरळ वापरलेल्या मेमरीत धरली जाते.

लिनक्सवर बरीच वर्षं आर्कची डीफॉल्ट मर्यादा अर्धी रॅम अशीच होती (२.३ व्हर्जनपासून ती आणखी वाढवली आहे). म्हणजे माझ्याकडे १६ जीबी. १६ आणि १८ किती होतात ते सांगायला नको. आर्क गरज पडली की मेमरी सोडतो हे खरं, पण एकदम मागणी आली की तेवढ्या वेगाने सोडेलच असं नाही.

पण म्हणून आर्कला शिव्या घालू नका, फार सुंदर डिझाइन आहे ते. २००३ मध्ये आयबीएमच्या निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा यांनी हा अल्गोरिदम मांडला, आणि मोधा आपल्या आयआयटी मुंबईचे, याचा मला खरंच अभिमान वाटतो. साध्या कॅशमध्ये बॅकअपसारखं एकदाच वाचायचं काम आलं की रोजचा डेटा बाहेर फेकला जातो. आर्क दोन याद्या ठेवतो, नुकतंच वाचलेलं वेगळं आणि वारंवार लागणारं वेगळं, शिवाय बाहेर काढलेल्या ब्लॉक्सची नुसती नोंदही ठेवतो. त्यातलं काही परत मागितलं गेलं की कुठल्या यादीला जागा कमी पडतेय हे त्याला कळतं आणि तो वाटणी बदलतो.

मी झेडएफएस_आर्क_मॅक्स, म्हणजे आर्कची कमाल मर्यादा, ८ जीबी केलं. आकडा बाइट्समध्ये द्यायचा, ८५८९९३४५९२, मॉडप्रोबच्या (कर्नलचे मॉड्यूल लोड करणाऱ्या टूलच्या) कॉन्फिग फाइलमध्ये. रूट, म्हणजे खुद्द सिस्टमच, झेडएफएसवर असेल तर त्यानंतर इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टम) परत बनवा, मी ते विसरलो होतो आणि रीबूटनंतर परत १६ जीबी बघून अर्धा तास डोकं धरून बसलो. आणि मर्यादा आर्क_मिनपेक्षा, म्हणजे आर्कच्या किमान मर्यादेपेक्षा, खाली नेलीत तर ती मानलीच जात नाही.

मग आठवडाभर आर्कस्टॅट (आर्कची आकडेवारी दाखवणारी कमांड) बघत होतो. हिट रेट, म्हणजे मागितलेला डेटा कॅशमध्येच मिळण्याचं प्रमाण, ९७ वरून ९५ टक्क्यांवर आला, बस एवढंच! मशीन त्यानंतर एकदाही पडलं नाही.

कॅशसाठी एसएसडी, म्हणजे एल२आर्क, लावायचा सल्ला सगळे देतात पण माझं मत स्पष्ट आहे, रॅम कमी असताना तो लावूच नका, कारण एसएसडीवरच्या प्रत्येक ब्लॉकची नोंद रॅममध्येच राहते, म्हणजे जी कमी आहे तीच आणखी खर्च होते.

डेटाबेसच्या डेटासेटवर प्रायमरीकॅश हे सेटिंग मेटाडेटावर ठेवलं, म्हणजे आर्कमध्ये खरा डेटा न ठेवता फक्त त्याच्याबद्दलची माहिती राहते, कारण इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) स्वतःची कॅश ठेवतंच. पण आधी रेकॉर्डसाइज, म्हणजे झेडएफएसच्या ब्लॉकचा कमाल आकार, १२८ केवरून १६ के करा आणि डेटा नव्याने कॉपी करून घ्या, जुन्या फाइल्सचा ब्लॉक आपोआप बदलत नाही. नाहीतर इनोडीबीच्या १६ केच्या एका पानासाठी दर वेळी डिस्कवरून अख्खा १२८ केचा ब्लॉक वाचला जाईल आणि सगळं आधीपेक्षा हळू चालेल.