कालवांची कवचं, डॉक्सी आणि माझं एम.फार्म.चं प्रोजेक्ट

एम.फार्म.ला प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, कच्चा माल इथे रत्नागिरीतच मिळेल असं काहीतरी घे, पावसात कुरियरची वाट बघत बसू नको. आता इथे मिळतं काय तर आंबा, काजू आणि मासळी. आंबा-काजूवर आधीच्या बॅचच्या पोरांनी इतकं काम केलेलं की नको वाटलं, मग राहिली मासळी, त्यातून कालवांची, म्हणजे ऑयस्टरची, कवचं. कालवं खाऊन झाल्यावर कवचांचं कोणी काही करत नाही, पूर्वी भाजून चुना करायचे, घरांच्या भिंतींना आणि पानाला तोच चुना, आता ते पण फार कुठे दिसत नाही. मासळीवाल्या मावशीकडे नुसती कवचं मागितली तर म्हणाली, "काय गो, आतलं टाकून भायरचं खातस की काय?"

विषय असा होता. आपल्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो आणि ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटच्या जवळचं कॅल्शियम फॉस्फेट. तोच पदार्थ बाहेर बनवला तर शरीर त्याला फारसं परकं मानत नाही, म्हणून हाडातली पोकळी भरायला तो वापरतात. आणि भरायचाच आहे तर त्यातच अँटिबायोटिक का घालू नये? हाडात इन्फेक्शन झालं की मेलेल्या हाडाच्या तुकड्याला रक्तपुरवठाच नसतो, मग सलाईनमधून औषध द्या नाहीतर गोळीतून, ते तिथे पोचणार कसं. चार-सहा आठवडे इंजेक्शनं घेतलेले पेशंट आमच्याकडे कमी नाहीत, आंबा काढताना झाडावरून पडलेले, हायवेवर बाईकवरून पडलेले. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक घातलेले बोन सिमेंटचे (हे एक प्रकारचं प्लॅस्टिक) मणी हाडात ठेवायची पद्धत आहे, पण ते विरघळत नाहीत, काढायला परत ऑपरेशन करावं लागतं. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट काढावं लागत नाही.

औषध कुठलं घ्यायचं यावर बराच खल झाला. जेंटामायसिन घेतलं असतं तर मोजायचीच पंचाईत, औषध किती आहे ते आम्ही त्यातून अतिनील (यूव्ही) प्रकाश टाकून मोजतो आणि जेंटामायसिन यूव्हीत दिसतच नाही, दुसरं केमिकल जोडून मग मोजावं लागतं. व्हॅन्कोमायसिन यूव्हीत दिसतं पण महाग. मॅडमनी डॉक्सीसायक्लीन सुचवलं. डॉक्सी म्हणजे कोकणात लावणीच्या दिवसात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) भीतीने वाटतात तीच गोळी. ती देताना केमिस्ट सांगतो दुधाबरोबर घेऊ नका, अँटासिडबरोबर घेऊ नका, कारण डॉक्सी कॅल्शियमला चिकटतं आणि मग पोटातून रक्तात नीट जात नाही. टेट्रासायक्लीन गटातल्या औषधांनी लहान मुलांचे दात पिवळे पडतात तेही याच कारणाने, दात म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटच. म्हणजे गोळीत जो दोष तोच आमच्या कामात गुण, औषध पावडरवर आपोआप धरून बसणार. मोठ्या हाडांच्या इन्फेक्शनला जेंटामायसिन-व्हॅन्कोमायसिन जास्त चालतात हे खरं, पण हिरड्यांच्या खिशात डॉक्सीचं जेल घालतात, म्हणून आम्ही जबड्याचं हाड डोळ्यासमोर ठेवलं.

पावडर बनवणं हा सोपा भाग. कवचं घासून, उकळून, वाळवून, कुटून मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबच्या भट्टीत, ९०० डिग्रीला ठेवायची, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना राहतो. नीट भाजलंय का ते वजनावरून कळतं, कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण फुटलं की वजन ४४ टक्के कमी होतं, तेवढं झालं नाही तर परत आत. मग चुन्यात पाणी घालायचं आणि त्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड थेंब थेंब सोडत बसायचं, पीएच १० च्या खाली येऊ द्यायचा नाही, आला तर भलतीच फॉस्फेटं तयार होतात. कॅल्शियम-फॉस्फरसचं अणूंच्या संख्येतलं प्रमाण १.६७ पाहिजे. कमी पडलं तर नंतर तापवताना ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, ते काही वाईट नाही पण लवकर विरघळतं आणि मग रिलीजचे, म्हणजे औषध किती सुटलं त्याचे, आकडे कशामुळे आले तेच कळत नाही.

पण हे सगळं पुस्तकात वाचायला सोपं, कोकणातल्या पावसाळ्यात भाजलेला चुना तराजूवर ठेवला की आकडा डोळ्यासमोर वर चढत जातो, हवेतलं पाणी पिऊन घेतो तो. फर्नेसमधून काढल्या काढल्या डेसिकेटरमध्ये (आत हवा कोरडी राहते अशा बंद भांड्यात), पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलेलं की वजनाच्या नादाला लागू नको, चुना पाण्यात फोडून घे आणि प्रत्येक वेळी ईडीटीएने (हे कॅल्शियमला धरणारं केमिकल) टायट्रेट करून किती कॅल्शियम आहे ते काढ, त्यावरून अ‍ॅसिड ठरव. कंटाळवाणं काम आहे पण करायलाच पाहिजे. लाईटचं काय सांगू, अ‍ॅसिड अर्धं पडलेलं आणि लाईट गेली की स्टरर बंद, गाळ खाली बसतो, मग लॅबमधले काका आणि मी आळीपाळीने काचेच्या रॉडने ढवळत उभे.

एक्सआरडीला, म्हणजे पावडरीत कुठले स्फटिक आहेत ते एक्स-रेने बघायला, सँपल आंबा घाटातून कोल्हापूरला पाठवले. ३१.८ डिग्रीच्या कोनाला पाहिजे तो मुख्य पीक आला, ३७.४ ला काही नाही म्हणजे चुना उरलेला नाही. घरी सगळे खूश, नातेवाईकांत "शिंपल्यांपासून हाडं बनवते" अशी बातमी पसरली, आत्याने तर गुडघेदुखीवर चालेल का विचारलं. मला खरं सांगायचं तर या कौतुकाचा थोडा रागच यायचा. टाकाऊपासून टिकाऊ हे ऐकायला छान वाटतं, पण बाजारातून कॅल्शियम आणून केलं असतं तरी पावडर तीच झाली असती. उलट समुद्रातल्या कवचात लेड, आर्सेनिक नाही ना हे वेगळं तपासावं लागतं, शरीरात घालायच्या हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटला आर्सेनिक ३, कॅडमियम ५, मर्क्युरी ५, लेड ३० पीपीएमच्या वर चालत नाही. तो रिपोर्ट येईपर्यंत मी कोणाला काही सांगत नव्हते.

खरं डोकं खाल्लं ते रिलीजने. डॉक्सीच्या सोल्युशनमध्ये पावडर भिजवून, वाळवून, मग ३७ डिग्रीला ७.४ पीएचच्या बफरमध्ये (पीएच बदलू न देणाऱ्या द्रावणात) ठेवून ठराविक तासांनी थोडं थोडं सँपल काढायचं, जेवढं काढलं तेवढंच ताजं बफर परत घालायचं. पहिल्या काही तासांतच वरवर बसलेलं बरंचसं औषध भसकन बाहेर, आणि नंतर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे जे नुसतं वर बसलं होतं ते लगेच सुटलं आणि जे खरंच कॅल्शियमला चिकटलं ते सुटायलाच तयार नाही. आम्हाला पाहिजे होतं यांच्या मधलं काहीतरी. मग भिजवल्यावर पावडर धुवून घ्यायला लागलो आणि वरून कायटोसानचं कोटिंग दिलं, ते कोळंबीच्या सालींपासून बनतं पण ते मी विकतच आणलं, कौतुकाची हौस फिटली होती. सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून पातळ थर दिला की सुरुवातीचा उसळा बराच खाली आला.

हे करणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे डॉक्सी उजेडात आणि बफरमध्ये हळूहळू खराब होतं, त्यामुळे बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि शेजारी नुसत्या डॉक्सीची एक बाटली तशीच ठेवा, नाहीतर औषध सुटलं नाही की सुटून खराब झालं हे कळणार नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, कॅल्शियम मिसळलं की डॉक्सीचा यूव्ही पीक सरकतो, म्हणून कॅलिब्रेशन कर्व्ह (ज्याच्याशी ताडून औषध मोजतात तो ग्राफ) साध्या बफरमध्ये काढू नका, औषध नसलेली पावडर ज्यात तेवढाच वेळ ठेवली आहे त्या बफरमध्ये काढा.

व्हायवाला एक्सटर्नल सरांनी शिंपल्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एक्सआरडी, स्टॅफिलोकोकस जंतूंच्या प्लेटा, औषध सुटण्याच्या हिगुची मॉडेलचे ग्राफ, सगळं उलटून गेले आणि विचारलं, "एवढं औषध घातलंत, एवढं सुटलं, उरलेलं कुठे?" मॅडमनी माझ्याकडून ते आधीच करून घेतलेलं. रिलीज संपल्यावर उरलेली पावडर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकली की हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट पूर्ण विरघळतं आणि अडकलेलं डॉक्सी बाहेर येतं, तेही मोजायचं. सुटलेलं, अडकलेलं आणि खराब झालेलं यांची बेरीज घातलेल्या औषधाच्या जवळपास यायला हवी, आमची आली होती. त्या टेबलपाशी सर बराच वेळ थांबले, मग म्हणाले पावडर एवढी तापवता कशाला, कमी तापवली तर कण बारीक राहतील, पृष्ठभाग वाढेल, चिकटणं बदलेल. मॅडमनी तिथेच वहीत लिहून घेतलं आणि आता पुढच्या बॅचची मुलगी तेच करतेय, कवचांच्या दोन गोणी लॅबच्या मागे पडून आहेत, वास मारतात म्हणून काका रोज बडबडतात.