पुळी म्हणून सोडून दिलेली गाठ

कमरेवरचे तांबूस, खवलेदार चट्टे मी सात वर्षे इसब समजून अंगावर काढले. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात प्रत्येकाकडे त्यावर एक मलम होते आणि मी बहुतेक सगळी लावून पाहिली. तिसऱ्या बायोप्सीनंतर 'मायकोसिस फंगॉइडिस' हे निदान झाले. १८०६ मध्ये फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी प्रथम वर्णिलेल्या या रोगाला अळंबीसारख्या गाठींवरून ते नाव पडले असले, तरी त्याचा बुरशीशी काही संबंध नाही. तो त्वचेतील टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, लिम्फोमा (कर्करोग) आहे. "काका, हा रोग संथ असतो," असे डॉक्टर म्हणाले आणि आठवड्यातून तीनदा नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील किरणांचा शेक सुरू झाला. चट्टे फिके पडले आणि मीही निर्धास्त झालो.

त्यामुळेच गेल्या नवरात्रात मांडीवर उठलेली गाठ मी पुळी म्हणून सोडून दिली. महिनाभरात ती लिंबाएवढी होऊन फुटली आणि सकाळी पायजमा जखमेला चिकटलेला असे. पाणी लावून तो सोडवताना सौभाग्यवती तोंड फिरवून घेत.

डॉक्टरांनी या वेळी जुन्या चट्ट्यातून नव्हे, तर गाठीतूनच तुकडा घेतला. एरवी या रोगातील पेशी लहान असतात. माझ्या गाठीत मात्र लहान लिम्फोसाइटच्या (टी-पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या रक्तपेशीच्या) चौपटीहून मोठ्या पेशी एक चतुर्थांशापेक्षा अधिक भरल्या, आणि यालाच मोठ्या पेशींत रूपांतर होणे म्हणतात. मुंबईच्या तज्ज्ञांना तुलनेसाठी जुने पॅराफिन ब्लॉकही, म्हणजे आधीच्या बायोप्सींचे मेणात जतन केलेले तुकडे, हवे होते. ते मिळवण्यासाठी मी एका प्रयोगशाळेत तीन खेपा घातल्या. दोनदा "साहेब रजेवर आहेत" हेच उत्तर मिळाले. आपल्याच शरीराचा तुकडा परत मागताना इतके मिनतवारीने बोलावे लागेल, असे वाटले नव्हते.

पेट-सीटी या संपूर्ण शरीराच्या स्कॅनमध्ये लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या आणि गाठीतील पेशींवर सीडी-३० हे प्रथिन सापडल्यामुळे, त्यालाच लक्ष्य करणारे ब्रेंटुक्सिमॅब हे औषध दर एकवीस दिवसांनी शिरेतून सुरू झाले. चौथ्या खेपेपर्यंत गाठ सपाट होऊन तिथे काळसर वण उरला. बोटे मात्र बधिर झाली आहेत. सदऱ्याची बटणे हल्ली सौभाग्यवतीच लावून देतात, म्हणून पुढच्या खेपेपासून मात्रा कमी करायचे डॉक्टरांनी ठरवले आहे.