टेबल सिरीज अपडेट: मीन की मीडियन

सिरीज बरीच पुढे सरकलीय म्हणून लिहितोय. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, घरातलं एकच टेबल, कॅमेरा वर छताला पक्का बसवलेला, दिवसभर ठरावीक अंतराने एकेक फ्रेम, आणि शेवटी सगळ्या एकावर एक रचून एकच फोटो. एक प्रिंट म्हणजे एक दिवस.

यावेळी सगळा वेळ स्टॅकिंगमध्ये, म्हणजे फ्रेम एकत्र करण्यात गेला आणि मला आता पक्कं वाटतंय की या सिरीजचा कॉन्सेप्ट तिथंच ठरतो, क्लिक करताना नाही. मीडियन (प्रत्येक ठिकाणी सगळ्या फ्रेममधली मधली किंमत) लावलं की निम्म्याहून कमी फ्रेममध्ये असलेलं सगळं गायब, म्हणजे टेबल आणि न हललेल्या खुर्च्या उरतात, माणसं साफ पुसली जातात, फोटो सुंदर दिसतो पण माझ्या कामाचा नाही. मीनमध्ये (सगळ्या फ्रेमची सरासरी) जो थोडा वेळ येऊन बसला तोसुद्धा राहतो, फिकट का होईना. पण किती फिकट? फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या लुई दागेरचा १८३८ चा पॅरिसच्या रस्त्याचा फोटो आठवा, एक्सपोजर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) काही मिनिटांचं, त्यामुळे चालणारी माणसं उमटलीच नाहीत आणि बूट पॉलिश करून घेणारा एका जागी थांबला म्हणून तेवढा दिसतो. लाँग एक्सपोजर म्हणजे मीनच की, फक्त जाणाऱ्याचा वाटा अगदीच नगण्य.

म्हणून मी १६ फ्रेमवर थांबलोय. एकाच फ्रेममध्ये आलेल्या हाताला १६ वा हिस्सा मिळतो, साधारण ६ टक्के, आणि गडद टेबलावर तेवढा डोळ्याला दिसतो (टेबलक्लॉथ याचसाठी काढला, काळ्यावर उजळ आकृती टिकते, पांढऱ्यावर गडद आकृती विरून जाते). नॉइजही (फोटोतले नको असलेले दाणे) चौथ्या हिश्श्यावर येतो. फ्रेम वाढवल्या तर फाइल अजून स्वच्छ होईल पण माणूस जाईल, आणि मला माणूस हवाय.

लेयर्स हाताने करणाऱ्यांनो, खालून प्रत्येक लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता, टक्क्यांत) १००, ५०, ३३, २५ अशी, आणि फाइल्स लिनियर (आकडे प्रकाशाच्याच प्रमाणात) ठेवा, ८ बिटमध्ये (छटा कमी) अजिबात नको, सावल्यांमध्ये पट्टे पडतात.

लिनियरमध्ये मात्र एक प्रश्न उभा राहतो. दुपारचा खिडकीतला उजेड संध्याकाळच्या दिव्याच्या कितीतरी पट, एकच एक्सपोजर ठेवलं तर दुपार अख्खा दिवस गिळून टाकते. जपानी फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतोच्या थिएटर्स सिरीजमध्ये हेच त्याला हवं होतं, पूर्ण सिनेमा एका एक्सपोजरमध्ये आणि पडदा नुसता पांढरा, तिथे प्रकाश हाच विषय आहे. माझ्याकडे विषय आहे बसणारी माणसं, त्यामुळे प्रत्येक तासाला सारखं मत मिळालं पाहिजे. मग अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडणं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कायम ठेवून फक्त शटरचा वेळ बदलत प्रत्येक फ्रेम नीट एक्सपोज करतो. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) मुद्दाम लॉक केलाय, दिव्याखालचे हात पिवळसर येतात आणि त्यावरून कोण कधी बसलं ते कळतं, मला तर हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आता प्रिंट. मॅट पेपरवर काळा तितका खोल जात नाही आणि ते ६ टक्के टेबलातच मिसळून जातात, म्हणून पुढच्या टेस्ट बरायटावर (काळा जास्त खोल देणारा फोटो पेपर). इतके गडद, कमी कॉन्ट्रास्टचे टोन कुणी प्रिंट केले असतील तर सावल्यांचा कर्व्ह (गडद टोन किती उजळायचे ते) कसा ठेवलात ते नक्की सांगा.