एक वाचन, एक साधन, एक कोडे : सव्वीस आठवड्यांची नोंद

आमच्या सात जणांच्या रविवारच्या देवाणघेवाणीला या आठवड्यात सव्वीस आठवडे पूर्ण झाले. दर रविवारी एकाची पाळी असते आणि त्याने बाकीच्या सहा जणांना तीनच गोष्टी पाठवायच्या असतात: वाचून आनंद होईल असा एक मजकूर, हाताशी असावे असे एक ऑनलाइन साधन आणि एक कोडे. ज्यांना असाच छंद आहे त्यांना आमच्या चुकांचा आणि शोधांचा उपयोग व्हावा, म्हणून काय जमले आणि काय अजून जमायचे आहे ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आरंभीचे चार आठवडे आम्ही संख्येच्या मागे होतो. मी स्वतः पहिल्या रविवारी अकरा लिंक पाठवल्या होत्या आणि त्यांपैकी एकही कोणी शेवटपर्यंत वाचली नाही, हे नंतर विचारल्यावर कळले. पाचव्या आठवड्यापासून तिन्ही प्रकारांत एकेकच गोष्ट आणि प्रत्येकीसोबत दोन ओळी, असा नियम आला. त्या दोन ओळींत मजकुराचा सारांश द्यायचा नसतो. आपण तेथे का थांबलो, कोणत्या परिच्छेदाने आपल्याला परत मागे जाऊन वाचायला लावले, एवढेच सांगायचे असते. या एका बदलानंतर उत्तरे येऊ लागली, आणि पुढे तर पाठवलेल्या मजकुरापेक्षा त्याखालची चर्चा अधिक लांब होऊ लागली.

दुसरी अडचण कोड्यांच्या उत्तरांची होती. उत्तर कोड्यासोबत पाठवले, तर डोळा इच्छेच्या आधी वाचून मोकळा होतो आणि कोडे तेथेच संपते. मागाहून पाठवले, तर ज्याला रात्री अकरा वाजता ते सुटले त्याला पडताळून पाहण्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. इंग्रजीत यावर जुना उपाय आहे. सव्वीस अक्षरांची वर्णमाला तेरा घरे पुढे सरकवली की मजकूर वाचता येत नाही, आणि पुन्हा तेरा घरे सरकवली की तो मूळ रूपात परत येतो. ‘रॉट १३’ या नावाची ही पद्धत १९८० च्या दशकात संगणकीय चर्चागटांत उत्तरे झाकण्यासाठी रूढ झाली. २०२१ च्या अखेरीस वर्डल या शब्दखेळाने रंगीत चौकोनांचा जो नकाशा मित्रांना पाठवण्याची सोय केली, तिच्यामागेही हीच दृष्टी होती: आपण कोणत्या वाटेने गेलो ते दाखवायचे, पण कोठे पोहोचलो ते सांगायचे नाही.

देवनागरीला ही तेरा घरांची युक्ती सरळ लागू पडत नाही. आमच्यापैकी एकीने यावर सुचवलेला उपाय मला या सहा महिन्यांतला सर्वांत सुंदर शोध वाटतो, आणि तो तर आपण सर्वांनी लहानपणीच शिकलेला आहे. तो म्हणजे ‘च’ची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा, की ‘शेळी’ची ‘चळीशे’ होते आणि ‘लांडगा’चा ‘चडगालां’ होतो. बोलताना ही भाषा सरावाने लगेच समजते; लिहिलेली मात्र एका दृष्टिक्षेपात वाचता येत नाही, ती मुद्दाम सोडवावी लागते. उत्तर झाकण्यासाठी नेमके एवढेच अंतर हवे असते. तेव्हापासून प्रत्येक कोड्याखाली उत्तर ‘च’च्या भाषेत दिलेले असते आणि कोणाचाही रसभंग झालेला नाही.

आता कोड्यांविषयी. सर्वाधिक काळ रंगलेले कोडे म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची ६१७४ ही संख्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या गणितज्ञाने १९४९ मध्ये ती जगापुढे मांडली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येते, आणि तेथे पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

हे कोडे पाठवताना मी ६१७४ हा आकडा मुद्दाम लिहिला नाही. प्रत्येकाने आपल्या मनातली चार अंकी संख्या घ्यावी आणि क्रिया करत राहावे, इतकेच कळवले. दुपारपर्यंत सहा जणांकडून सहा वेगवेगळ्या सुरुवाती आल्या आणि सर्वांच्या शेवटी तीच संख्या होती. मित्रांबरोबर वाटून घेण्यासाठी याहून चांगल्या घडणीचे कोडे मला अद्याप सापडलेले नाही, कारण त्याचे उत्तर सांगावे लागत नाही आणि प्रत्येकाची वाट त्याची स्वतःची असते. त्यातून पुढचे प्रश्न आपोआप उभे राहिले. तीन अंकी संख्यांमध्ये ४९५ हे तसेच मुक्कामाचे ठिकाण निघाले. दोन अंकी संख्या मात्र एका जागी थांबतच नाहीत. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्यात फिरत राहतात, फक्त ९ हा ०९ असा धरावा लागतो. हे आम्हाला कोणी वाचून दाखवले नाही, एका मित्राने ते प्रवासात कागदावर शोधून काढले आणि त्या दिवशी आम्हा सर्वांनाच तो शोध आपला वाटला.

याउलट, ‘पुढची संख्या ओळखा’ या प्रकारावर आम्ही आता जवळजवळ फुली मारली आहे. एका रविवारी १, २, ४, ८, १६ अशी मालिका आली. पाच जणांनी ३२ असे उत्तर दिले, पण पाठवणाऱ्याच्या मनात ३१ होते. वर्तुळाच्या परिघावर बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांना रेषांनी जोडले आणि आत तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत याची काळजी घेतली, तर एका बिंदूपासून पाच बिंदूंपर्यंत वर्तुळाचे अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ भाग पडतात, आणि सहाव्या बिंदूला ३१ भाग पडतात. गणित म्हणून हे अतिशय मोहक आहे. कोडे म्हणून मात्र ते अन्यायाचे होते, कारण ३२ म्हणणाऱ्यांचे काहीच चुकलेले नव्हते. त्याच आठवड्याचे साधन म्हणून मग मी पूर्णांकांच्या मालिकांचा ऑनलाइन विश्वकोश पाठवला. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेत मालिका जमवायला सुरुवात केली आणि १९९६ पासून तो संग्रह संकेतस्थळाच्या रूपात सर्वांना खुला आहे. त्यात पहिल्या पाच संख्या टाकल्या की त्यांच्यापासून सुरू होणाऱ्या कितीतरी मालिका समोर येतात आणि ‘पुढची संख्या एकच असते’ ही समजूत कायमची जाते.

कोडे हातोहात फिरते तेव्हा त्याच्या अटी गळून पडतात, हा धडा आम्हाला तीन दारांच्या कोड्याने अधिक तीव्रतेने दिला. तीन दारांपैकी एकामागे गाडी आणि दोहोंमागे शेळ्या. आपण एक दार निवडतो, सूत्रधार उरलेल्यांतले शेळीचे दार उघडतो आणि विचारतो, निवड बदलायची का? स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ मध्ये ते एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात मांडले आणि १९९० मध्ये अमेरिकी स्तंभलेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात ‘बदलावी’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांना सुमारे १०,००० पत्रे आली, आणि त्यांतली बहुतेक त्यांचे चुकले असे सांगणारी होती. आमच्यातही दोन तट पडले आणि दोन दिवस कोणी माघार घेईना. शेवटी सामायिक गूगल शीटमध्ये यादृच्छिक अंक देणारे सूत्र वापरून हजार ओळींचा खेळ मांडला. निवड बदलणारा दोन-तृतीयांशाच्या आसपास जिंकला आणि न बदलणारा एक-तृतीयांशाच्या. तरीही एक मैत्रीण आपल्या मतावर ठाम होती, आणि तिच्या जागी ती बरोबरच होती. तिच्यापर्यंत पोहोचलेल्या वाक्यात सूत्रधाराला गाडी कोठे आहे ते माहीत असते, ही अट नव्हती. सूत्रधाराने न पाहता दार उघडले आणि योगायोगाने शेळी निघाली, तर उरलेल्या दोन्ही दारांमागे गाडी असण्याची शक्यता सारखीच असते. आता आम्ही कोड्याचे वाक्य पाठवण्यापूर्वी गटाबाहेरच्या एकाला वाचायला देतो आणि त्याला त्यातून काय समजले ते विचारतो.

शब्दकोड्यांत आमची प्रगती सर्वांत मंद आहे आणि मला तिच्याविषयी सर्वांत अधिक आस्था आहे. मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर असते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह. बहुतेक ऑनलाइन शब्दकोडे-साधने मात्र अक्षर न मोजता युनिकोडची, म्हणजे संगणकात लिप्या साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीतली, चिन्हे मोजतात. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर आहे. संगणकात ती स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. पहिल्या प्रयत्नात साधनाने तिला सहा चौकटी दिल्या आणि वेलांटी एकटीच एका चौकटीत लटकत राहिली. मजकूर उलटा करून देणाऱ्या साधनांचेही हेच होते. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येते, हे कोणीही सांगेल. पण साधनाला नुसते ‘रामाला’ उलटे करायला सांगितले, तर ‘लामारा’ मिळण्याऐवजी सुरुवातीला निराधार काना आणि शेवटी काना गमावलेला ‘र’ मिळतो.

येथे मला पुन्हा ‘च’ची भाषा आठवते. ती बोलणारे मूल ‘प्रवास’चे ‘चवासप्र’ करते; ‘प्’ पुढे आणि ‘र’ मागे असे कधीही करत नाही. अक्षर म्हणजे काय, हे त्याला कोणी न शिकवता ठाऊक असते. संगणकाला ते सांगावे लागते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम अखेर समाविष्ट झाला. जुन्या नियमानुसार ‘स्त्री’चे तीन तुकडे पडत असत. आमच्यातल्या प्रोग्रामिंग येणाऱ्या मित्राने नव्या नियमावर आधारलेली छोटी आज्ञावली लिहिली आहे. ती शब्दांची अक्षरे बिनचूक मोजते आणि कोणते दोन शब्द कोणत्या अक्षरावर एकमेकांना छेदू शकतात त्याची यादी देते. चौकटी अजून हातानेच आखाव्या लागतात. आजवर सात बाय सातची तीन शब्दकोडी पूर्ण झाली असून चौथे अडले आहे, कारण ‘ज्ञा’ने सुरू होणाऱ्या शब्दाला आडवा जोडीदार मिळत नाही.

वाचनाच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. लिंक टिकत नाहीत: २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे प्यू संशोधन केंद्राला २०२४ मध्ये आढळले. म्हणून पाठवण्यापूर्वी आम्ही प्रत्येक पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संग्रहात, जतन करतो. लांब मजकुरातला नेमका परिच्छेद दाखवायचा असेल, तर क्रोममध्ये तो निवडून त्या निवडीचीच लिंक घेता येते. समोरच्याकडे पान थेट त्या ओळीवर उघडते. आणि सर्वांत आवडलेले वाचन कथा किंवा लेख नव्हते, तर कोश होते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येतात. एका रविवारी प्रत्येकाने एकच शब्द घेऊन दोन्ही कोशांतील त्याचे अर्थ वाचले आणि इतरांना तो न सांगता केवळ अर्थ पाठवले. वाचन, साधन आणि कोडे या तिन्ही गोष्टी त्या दिवशी एकच झाल्या होत्या, आणि पुढच्या सहा महिन्यांत असे रविवार अधिक यावेत यासाठी आम्ही प्रयत्न करत आहोत.

येत्या रविवारी पाळी माझी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले, म्हणजे ११५० च्या सुमाराचे, एक कोडे पाठवणार आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. बिळापासून सत्तावीस हातांवर असलेला साप बिळाकडे सरळ निघतो, आणि त्याच क्षणी मोर त्याच्यावर सरळ रेषेत झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापलेले असताना ते भेटतात. ती जागा बिळापासून किती अंतरावर असेल?

चराबा चतहा.