भरीत-रोडगा

आमच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये रोज सकाळी दहा किलो कणी शिजते. सोबत लाल भोपळा, चिमूटभर हळद आणि चिकनच्या दुकानातून आणलेल्या माना-पाय. मीठ नाही, तिखट तर नाहीच. इंदूरच्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. 'शेवसुद्धा नाही?' एका गृहस्थांनी नातवाच्या वाढदिवसाला खरोखरच पाच किलो शेव आणली होती. ती आम्ही माणसांनी महिनाभर खाल्ली.

रविवारी उरलेले पोहे येतात. वर कच्चा कांदा, जिरावण मसाला. मी हात जोडते. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे सांगून घसा बसला, म्हणून फाटकावर पाटीच लावली: 'कांदा नको'. आता नव्याने येणारे विचारतात, हे जैनांचं आहे का?

नावं मात्र मी सराफ्यातल्या, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, पदार्थांवरूनच ठेवते. थंडीत बायपासवर सापडलेला तीन पायांचा गराडू. खरजेने अंगावर केस उरला नव्हता ती जिरावण. आणि शिकंजी, जी कचरागाडीचं गाणं लागलं की गळा काढून साथ देते.

कचरागाडीवरून आठवलं. 2017 साली शहर स्वच्छतेत पहिलं आलं आणि मग येतच राहिलं. मला अभिमान आहे, इंदूरचीच आहे मी. पण चौकातली कचराकुंडी गेली तशी तिच्यावरची पंगतही उठली. तोवर गल्लीतलं कुत्रं कुणाच्या उपकारावर जगत नव्हतं. आता कुणाच्या तरी पोळीवर जगतं. माझी शेजारीण पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची काढते. आमच्या घरात चित्राहुती होती, काकबळी होता; कुत्र्याची पोळी मी तिच्याकडून उचलली. तिने माझ्याकडून पुरणपोळी उचलली, तेव्हा फिटलं.

बाकीचा दिवस खराटा आणि ब्लीचिंगच्या पाण्यात जातो, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. पावसाळ्यात जखमांत अळ्या पडतात. ते वर्णन गाळते, कुणी जेवताना वाचत असेल. मधेमधे फोन. 'आमच्या कॉलनीतली चार कुत्री घेऊन जा.' प्राणी जन्मनियंत्रणाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं, हे सांगितलं की पलीकडे फोन आपटतात. त्याच कॉलनीतून आठवड्याने पोहे येतात.

गेल्या चंपाषष्ठीला मल्हारगंजातून एक काकू रिक्षा करून आल्या. हातात पितळी डबा. खंडोबा होळकरांचं कुलदैवत, त्यामुळे इथल्या मराठी घरांत हा सण अजून टिकून आहे, आणि देवाचा नैवेद्य झाला की त्याच्या कुत्र्यालाही घास घालायचा. डब्यात भरीत-रोडगा. चातुर्मासात सोडलेलं वांगं आणि कांदा या दिवशी पुन्हा पानात येतात, तेव्हा भरितात कांदा किती असेल ते सांगायला नको.

"काकू, रोडगा चालेल. भरीत नको."

"अगं, नैवेद्य दाखवून आणलंय! खंडोबाच्या कुत्र्याला कांदा चालत नाही?"

"त्याच्या चालत असेल. हा बायपासवरचा आहे."

काकूंनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. मग खाली बसून रोडगा कुस्करला. गराडूने पहिला तुकडा हुंगला, तोंडात धरला आणि लंगडत कोपऱ्यात जाऊन मातीत पुरला.

"सणाचं आहे, ठेवतोय बिचारा," काकू म्हणाल्या.

भरीत आम्ही दोघींनी ओट्यावर बसून संपवायला घेतलं. पहिल्या घासाला काकू थांबल्या.

"अळणी झालंय का गं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून शेवेची पुडी काढली.