आधी पिळा, मग परता

आमच्या घरात श्रावण कडक पाळला जातो. म्हणजे आई पाळते, बाकीचे तिच्या धाकाने. आषाढ अमावास्येला शेवटचा बांगडा ताटातून उठला की तो परत येतो तो थेट गणपती पोचवून आल्यावर. मधले दिवस मी गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या ओट्यासमोर उभा राहून सोया, टोफू आणि मैद्याचं ग्लूटेन परतत असतो. यंदाचं हे तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं घरच्यांनी जे खाल्लं ते माझ्या तोंडाकडे बघून. यंदा मात्र एक-दोन पदार्थ चक्क परत मागितले गेले, म्हणून या नोंदी.

पहिला रविवार. सोया चिली फ्राय.

चिली फ्राय हा इथल्या ख्रिस्ती घरांतला हातखंडा प्रकार. उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, ढबू मिरची, आलं-लसूण, मिरपूड, सुरेचं (माडीचं) व्हिनेगर आणि उकडलेल्या मांसाचे काप. रस्सा जवळजवळ नाहीच. मांसाच्या जागी सोया टाकला की झालं, असं वाटतं. तिथंच माझी दोन वर्षं गेली.

तेव्हाची माझी रीत बहुतेकांची असते तीच होती. सोयाचे गोळे गरम पाण्यात भिजवायचे, मुठीत जरासे दाबायचे आणि तापल्या कढईत लोटायचे. पहिल्या क्षणी चर्र आवाज येतो आणि दुसऱ्या क्षणी मरतो. मग कढईच्या तळाशी करडं पाणी जमतं, कांदा त्यात शिजतो, सोया रबरासारखा होतो आणि वर तो कच्च्या कडधान्याचा वास. मी दर वेळी मसाला वाढवायचो. दोष मसाल्याचा नव्हताच.

यंदा वजनकाटा ओट्यावर आणला. कोरडे गोळे १०० ग्रॅम. मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळून, पाणी दोनदा बदलून निथळले तेव्हा ३५० ग्रॅम. नेहमीसारखे मुठीत दाबल्यावर २८०. मग जुन्या पंचात गुंडाळून, दोन्ही टोकं धरून, चक्का टांगायच्या आधी पिळतो तसे पिळले. २२० ग्रॅम. म्हणजे ‘पिळलेत की’ असं मी ज्याला दोन वर्षं म्हणत होतो, त्यात ६० ग्रॅम पाणी शिल्लक असायचं, आणि आळस केला त्या दिवशी १३० ग्रॅमसुद्धा.

हे १३० ग्रॅम कढईत काय करतात बघा. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला साधारण २.२६ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे सगळ्याला जवळजवळ ३०० किलोज्यूल. घरच्या मोठ्या बर्नरची कढईला खरोखर मिळणारी आच दीड किलोवॅट धरली, तर सव्वातीन मिनिटं निव्वळ पाणी उडवण्यात जातात. तोवर सोयाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपास अडकून बसतो, आणि तांबूस रंग, खरपूस वास हे सगळं सुरू होतं १४० अंशांच्या पुढे. गाड्यावरच्या चायनीजवाल्याची भट्टी हे पाणी बघता बघता उडवते. आपली शेगडी नाही उडवत. तेव्हा पाणी शेगडीवर उडवायचं नाही, सिंकमध्ये काढायचं.

पिळून कोरडा झालेला सोया हा रिकामा स्पंज असतो, ही दुसरी गंमत. आता त्याला जे पाजाल ते तो पितो. मी रेशाद मसाला (बेडगी मिरची, जिरं, मिरी, लसूण, व्हिनेगर) चार चमचे पाण्यात सैल करून चोळला आणि वीस मिनिटं ठेवला. मग बीडाच्या कढईत, एका वेळी मूठभरच, तिन्ही-चारी बाजूंनी कडा काळपट होईस्तोवर. काढून ठेवला. त्याच कढईत कांदा, ढबू मिरची मोठ्या आचेवर दोन मिनिटं, मग सोया परत आत. मीठ अगदी शेवटी, नाहीतर कांदा पाणी सोडतो आणि सगळं मुसळ केरात. तेल शेंगदाण्याचं. घाण्याचं खोबरेल लवकर धुरावतं, म्हणून ते चमचाभर वरून, वासापुरतं.

एक वाटी शेजारच्या आंटीकडे पाठवली. तिच्या घरी चिली फ्राय दर रविवारी होतो, म्हणजे परीक्षक कडक. कुंपणापलीकडून निकाल आला: “हें मास न्हय मरे! पूण बरें जालां.” म्हणजे मांस नाही, पण छान झालंय. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराने (पाववाल्याने) दिलेल्या गरम पोईत, म्हणजे इथल्या गोल पावात, भरून खाल्लं. ते आदल्या रात्रीपेक्षा चांगलं लागलं.

प्रथिनांबद्दल एक. पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम असा आकडा बघून व्यायामशाळेतली मुलं हरखतात. तो आकडा कोरड्या सोयाचा आहे. एका माणसाच्या वाटणीला कोरडा सोया येतो २५-३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं १३ ते १५ ग्रॅम. वाईट नाही, पण चमत्कारही नाही.

दुसरा आठवडा. टोफू, आणि विजेची कृपा.

हणजूण, हरमल या किनाऱ्यावरच्या गावांकडे विदेशी पाहुण्यांमुळे टोफू सहज मिळतो. आमच्याकडे शोधावा लागतो, त्यामुळे मिळाला की दोन-तीन ठोकळे आणतो आणि फ्रीजरमध्ये टाकतो. नाइलाजाने केलेली ही गोष्ट पुढे युक्ती निघाली. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं, आणि ते फुगणं टोफूच्या आत पोकळ्या पाडतं. वितळल्यावर ठोकळा पाव पिळावा तसा पिळता येतो. जपानमध्ये गोठवून वाळवलेला टोफू पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्याच्यामागेही हेच.

त्या बुधवारी रात्रभर वीज नव्हती. पाऊस असा की समोरचा माड दिसेना. सकाळी फ्रीजर उघडला तर टोफू अर्धवट सुटलेला, अजून गारढोण. वीज आल्यावर तसाच परत गोठला. दोनदा गोठलेल्या त्या टोफूची चीर हाताने काढली तर पापुद्रे निघाले, उकडलेल्या कोंबडीच्या छातीसारखे. आता मी मुद्दाम दोनदा गोठवतो, फक्त वितळवताना फ्रीजमध्ये ठेवतो, ओट्यावर नाही. दोन ताटल्यांत धरून वर पाट्याचा वरवंटा ठेवला की अर्ध्या तासात काम होतं.

त्याचं काफ्रियाल केलं, एरवी कोंबडीचा होणारा हिरव्या वाटणाचा गोव्याचा प्रकार. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी, लिंबू. पहिल्या खेपेला वाटण लावूनच टोफू कढईत सोडला आणि बाहेरून कडू कोळसा, आतून पांढरा चुना अशी अवस्था झाली. ओलं हिरवं वाटण मोठ्या आचेवर टिकत नाही. आता टोफूला कोरडं कॉर्नफ्लॉवर चोळून आधी नुसताच तळून घेतो आणि वाटण शेवटच्या दोन मिनिटांत.

तिसरा आठवडा. ग्लूटेन आणि सासूबाई.

मैद्याचा घट्ट गोळा मळायचा, तासभर पाण्याखाली ठेवायचा आणि मग पाण्यातच चोळत राहायचं. पिठूळ पाणी ओतायचं, नवीन घ्यायचं. पाच-सहा पाण्यांनंतर हातात उरतो तो चिवट, पिवळसर, च्युइंगमसारखा गोळा म्हणजे ग्लूटेन, गव्हाचं प्रथिन. अर्धा किलो मैद्यातून मला जेमतेम दीडशे ग्रॅम मिळालं.

तिसरं पाणी मोरीत ओतत असताना मागून आवाज आला, “अहो, चीक काय ओतताय?”

सासूबाई कोल्हापूरच्या, श्रावणात आठ दिवस राहायला आलेल्या. त्यांच्याकडे उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून त्याचा चीक काढतात आणि कुरडया घालतात. चीक ठेवायचा, चोथा म्हशीला. मी नेमकं उलट करत होतो: म्हशीचा वाटा पातेल्यात आणि माणसांचा मोरीत. त्यांनी उरलेली पातेली ताब्यात घेतली, पाणी निवळू दिलं आणि संध्याकाळी तळाशी बसलेल्या चिकात हिंग-मीठ घालून घाटा शिजवला. वर तेल घालून सगळ्यांनी आधी तो संपवला. माझ्या पदार्थाचं काय झालं हे विचारायला कोणी आलं नाही.

तर माझा पदार्थ. पहिल्या वर्षी हा गोळा कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या दिल्या होत्या, आणि बाहेर आला तो चपलेचा तळ, फुगलेला आणि भोकाभोकांचा. खळखळ उकळलं की ग्लूटेन फुगतं. यंदा वळकटी करून, केळीच्या पानात बांधून मोदकपात्रात ३५ मिनिटं वाफवली आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. गार झालेली वळकटी सुरीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेल्या खडबडीत कडांना मसाला धरतो आणि त्याच कडा कुरकुरीत होतात. याला आतवर चव शिरत नाही, सोयाची सर नाही. पण दाताखाली येणारा चिवटपणा मात्र बाकी कशातच नाही. घरात कोणाला गव्हाचं वावडं असेल तर हा रस्ता बंद.

मधल्या शनिवारी मुलीने मंचुरियन मागितलं. मंचुरियनचा मंचुरियाशी संबंध नाही, तो मुंबईचा. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केला असं मानतात. आमच्याकडे तो जत्रेतल्या गाड्यावर येतो, फ्लॉवरचा आणि भडक लाल. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या कारणावरून गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी आणली तेव्हा ती बातमी जगभर फिरली. मी तोच लाल रंग भिजवलेल्या बेडगीच्या वाटणातून काढला. गाड्याइतका लाल आला नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, हे फिकं आहे.” चवीबद्दल बोलली नाही, ताटली मात्र पुसली.

चौथा आठवडा. तिरफळ.

खरं तर सगळी नोंद यासाठीच लिहायला घेतली.

बाटलीतल्या शेजवान चटणीत बहुतेक वेळा लाल मिरची आणि लसूणच असतो. चीनच्या सिचुआन प्रांतात जीभ बधिर करणारी जी मिरी वापरतात तिचा मागमूस नसतो. ती महागाची मिरी मागवायची का, असा विचार चालला होता. मग कळलं की ती आणि आपलं मसाल्यात घालायचं तिरफळ एकाच कुळातली, दोन्हींचं शास्त्रीय नाव झँथोझायलमने सुरू होतं. आईच्या बरणीत ते वर्षभर पडून असतं आणि मी इंटरनेटवर भाव बघत बसलेलो.

तिरफळाची काळी बी काढून टाकली, फक्त टरफलं मंद आचेवर कोरडी भाजली आणि ओबडधोबड कुटली. कढईत पिळून-परतलेला सोया, कांदा, लाल मिरची, दोन भिजवलेली सोलां (आमसुलं). आच बंद करून वरून पाव चमचा तिरफळ. पहिल्या घासाला लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेच्या टोकाला मुंग्या.

आई दुसऱ्या खोलीतून आली आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, “बांगडे आणलेस?”

श्रावणात हा आरोप साधा नाही. झाकण काढून दाखवावं लागलं. बांगड्याच्या आमटीत तिरफळ आणि सोलां दोन्ही असतात, आणि तिच्या नाकाला इतक्या वर्षांत तिरफळ म्हणजे बांगडा एवढंच ठाऊक. मी तीन वर्षं सोयाला मांसासारखं दिसायला लावत होतो, तंतू, रंग, काप. प्रत्यक्षात आठवण होती ती बरणीतल्या त्या चार टरफलांत. आणि हे इथल्या बायकांना कधीपासून माहीत आहे! त्या अळम्यांची (पावसाळी मशरूमची) शागोती करतात, जी एरवी मटण-कोंबडीची; बांगड्याऐवजी आंबाडे (आंबट रानफळं) घालून उड्डामेथी, म्हणजे उडीद-मेथीची आमटी, करतात, नीरफणसाच्या कापांना मासळीसारखाच तिखट-मीठ-रवा लावून तव्यावर टाकतात. अळमं अळमंच राहतं, नीरफणस नीरफणसच. फक्त मसाला एका ताटातून उठून दुसऱ्यात बसतो. तेव्हापासून मी सोयाचे ‘मटणासारखे’ तुकडे करणं सोडलं. अर्धे करून परततो, कडा जास्त मिळतात.

अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) टेंपे, म्हणजे बुरशीने बांधलेला ठोकळा, करून पाहिलंत का, अशी विचारणा होती. एकदा केलं, फसलं. विरजण म्हणून घालतात त्या ऱ्हायझोपस बुरशीला ३० अंशांच्या आसपासची ऊब आणि जराशी हवा लागते. ऊब होती, पण मी शिजवलेले अळसांदे नीट वाळवले नाहीत, पिशवीला भोकंही कमी पाडली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या गादीऐवजी बुळबुळीत लगदा आणि मोरीचा वास. नुसते करडे-काळे डाग असते तर चाललं असतं, ते बुरशीचे बीजाणू असतात. बुळबुळीत झालेलं मात्र फेकायचंच. इथंही पाणीच नडलं.

गणपती परवा पोचवले. फ्रीजरमध्ये टोफूचे दोन ठोकळे आहेत, दुसऱ्यांदा गोठलेले, शनिवारी तिरफळ लावून करायचे म्हणून राखलेले. बायको सकाळीच बजावून गेली आहे की संध्याकाळपर्यंत ते बाहेर काढ, बांगड्यांना जागा हवी.